अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल

अशा दूर काहून बसल्या वं बायांनो? सरका जवळ. अन् बोटानं भरभर वर ढकलत वाचायची सवय सोडा जरा, मग अर्धवट समजते अन् मलेच विचारत बसता.

मी भुताखेताले मानणारी बाई नाही. आमच्या केनवडात कोणाच्या अंगात आलं तर मी म्हणते, आधी बीपी तपासा. पण ह्या उन्हाळ्यात माझ्याच अंगणात जे झालं...

आमच्या स्लॅबवर टीव्हीची छत्री आहे. वायरमननं सांगितलं, "काकू, छत्रीच्या खांबाले अन् केबलले अर्थिंग पायजे, केबल घरात शिरायच्या आधीच." त्यानं तांब्याची तार खाली आणून मीटरच्या अर्थिंगले जोडली. अर्थिंगचा खड्डा अंगणातच, त्यात मीठ-कोळसा. "उन्हाळ्यात रोज पानी टाका. खड्डा सुकला का तार असून नसल्यावानी."

मी रोज सकाळी तांब्याभर टाकत होती. एक दिवस गेली, तर खड्डा आधीच ओला! दुसऱ्या दिवशीही तेच. मीठ, कोळसा, वरून कोणाचं तरी पाणी... माझ्या मनात करणीच आली. अन् संशय गेला शोभावर. शोभा म्हणजे माझी धाकटी जाऊ, भिंतीपलीकडं एकटीच राहते. कपडे वाळवायची तार तिनं छत्रीच्या खांबाले बांधली होती, मी सोडून फेकली, त्यावरून आमचं वाजलं होतं.

"काय टाकून राह्यली वं माह्या खड्ड्यात?"

"मी? मले माठ भरायले पानी नाही, तुमचा खड्डा कुठून भरू?"

"मंग काय त्याले सोताच पान्हा फुटते?"

"बाई, करनीच करायची असती तं आधी तुमच्या तोंडावर केली असती!"

मी भडकली. नको ते बोलली... तिच्या गेलेल्या लेकराचं नाव काढलं. तिनं पिशवी भरली, कुलूप लावलं अन् कारंजाले भावाकडं निघून गेली.

मीही हट्टानं पाणी टाकणं सोडलं. तरी खड्डा ओला! मग मी संध्याकाळी भोवती चुलीतली राख पसरली. सकाळी राखेवर मांजराचंही पाऊल नाही, अन् खड्ड्यात बोटभर पाणी साचलेलं. कोणी म्हणेल, मीठ ओल ओढते. ओढत असेल बाप्पा, पण बोटभर? जवळ नळ नाही, पाइप नाही. शोभा चोरून येते का, म्हणून स्टँडवरच्या पानवाल्यालेही विचारलं. नाही म्हणाला. तिच्या कुलपावर तर कोळ्यानं जाळं केलं होतं.

पंधरा दिवस असंच. मग एका दुपारी आभाळ आलं. आमचे हे अर्ध्या अंगानं लुळे, त्यांची खाट टीव्हीले लागूनच. केबल काढायचं मले सुचलंच नाही. मागच्या निंबावर वीज पडली... कानठळ्या बसल्या. धावत आत गेली तर टीव्ही बंद, अन् हे मलेच विचारून राह्यले, "लाइन गेली का वं?"

वायरमननं वर जाऊन पाहिलं. तांब्याची तार काळी पडली होती. "झटका केबलनं आला, अन् तारेनं जमिनीत गेला. खड्डा कोरडा असता तं काकांचं काही सांगता येत नव्हतं. बरं झालं, तुमी रोज पानी टाकलं. अन् गरजून राह्यलं का केबल काढून ठेवत जा."

पंधरा दिवसांत मी एक थेंब टाकला नव्हता.

त्या दिवसापासून ती ओल बंद झाली. आता मीच टाकते पाणी, अन् दुपारपर्यंत खड्डा सुकून जाते. कोण टाकत होतं, मले अजून समजलं नाही. वायरमनले मागून खरं सांगितलं, त्यालेही नाही समजलं.

शोभे, तुझी भाची तुले हे वाचून दाखवते, माहीत आहे मले. खड्ड्याचं काही विचारत नाही आता. पण जे बोलली ते मी बोलायले नको होतं. फोनवर हे म्हणता येत नाही वं, समोर बस म्हणजे म्हणीन. सकाळच्या एसटीनं निघ, जेवायले घरी पोचशील. ये लवकर.