बांधापलीकडचे फोटो

उसाला लोकर येते हे मी एम.टेक.ला आल्यावर पहिल्यांदा ऐकलं. पानाच्या मागे लोकरी मावा नावाची कीड पडते आणि पान कापूस पिंजून टाकल्यासारखं पांढरं होतं. मी माण तालुक्यातली, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लोकर म्हटलं की माझे कान आपोआप टवकारतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग कातरत न्हाईत व्हय ती?" मी हॉस्टेलच्या जिन्यात एवढी हसले की येणाऱ्याजाणाऱ्या मुली थांबून बघायला लागल्या.

तर अशा मुलीनं उसावर प्रोजेक्ट घेतला. माहिती तंत्रज्ञानाच्या एम.टेक.ला दुसऱ्या वर्षी एकच काम असतं, स्वतःचं काहीतरी बनवायचं आणि चालवून दाखवायचं. वर्गातल्या बाकीच्यांनी शहाणपणा करून इंटरनेटवरचे तयार फोटो उचलले. मला ते पटेना. मी मॅडमना, म्हणजे माझ्या गाईडना, सांगितलं की मोबाइलनं उसाचा फोटो काढला की रोग सांगणारं ॲप करते आणि फोटो आपल्या सांगली भागातलेच घेते. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "कर. पण बाहेरून येणारे परीक्षक हट्टी आहेत. कॉम्प्युटरवर चालतंय म्हटलेलं त्यांना चालत नाही, रानात नेऊन दाखवा म्हणतात. तिथे नाही चाललं तर वर्ष गेलं समज."

"नाही जाणार," मी म्हणाले. माझं तोंड आधी चालतं, डोकं मागून येतं.

माझी रूममेट आष्ट्याची. तिच्या वडिलांना, आप्पांना, अवतीभवतीची सगळी गावं बेण्यासाठी ओळखतात. नवीन ऊस लावायला आधीच्या उसाच्या कांड्या लागतात, ते बेणं. आप्पांच्या मळ्यातलं बेणं मिळालं की लोक मुलीला चांगलं स्थळ मिळाल्यासारखं सांगत फिरतात. आप्पांनी मला आसपासच्या ऊसवाल्यांच्या मोबाइल ग्रुपमध्ये घेतलं आणि मी मोठ्या अदबीनं लिहिलं, 'आपल्या उसावर काही रोग असेल तर कृपया जवळून फोटो काढून पाठवावा.'

फोटो आले, धडाधड आले. हिरवागार, तट्ट उभा ऊस आणि त्याच्यापुढे मालक. कुणी इस्त्रीचा शर्ट घालून. कुणी उसाची उंची कळावी म्हणून बायकोला शेजारी उभं केलेलं. एकानं सुट्टीवर आलेला फौजी भाऊ कडक युनिफॉर्ममध्ये उभा केला होता. रोग मात्र औषधालाही नाही. एकांना मी फोन करून म्हणाले, "काका, रोगाचा फोटो हवा होता." ते भडकलेच. "आमच्या उसाला रोग? कुणी सांगिटलं गं तुला?"

रूममेट म्हणाली, "अगं, एकाद्याच्या रानात काणी हाय म्हणून गावात झालं की त्येचं बेणं कोण नेतंय? पोरीच्या अंगावरचा डाग झाकावा तशी झाकत्यात काणी." काणी म्हणजे उसाच्या शेंड्यातून लांब काळा चाबूक बाहेर पडतो, तो रोग. त्याची भुकटी वाऱ्यानं दुसऱ्या उसात जाते, आणि बेण्यातून तर हमखास जाते.

मला राग आला, आणि रागात मला चांगलं सुचतं. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपऐवजी एकेकाला वेगळं लिहिलं, 'शेजारच्या रानात काही रोग दिसला तर फोटो पाठवा. नाव कुणाला कळणार नाही.'

काय सांगू! माझा मोबाइल गरम झाला. भावकीतला, सामाईक विहिरीवरचा, रस्त्यासाठी अडवलेला असा जो जो राग होता तो फोटो होऊन माझ्याकडे आला. 'बघा हेंचा ऊस', 'लय गप्पा मारतोय चावडीवर', 'अजून आतल्या बाजूला बी हाय, कुत्रं सोडलंय म्हणून जाता आलं न्हाई.' काणीचे चाबूकच चाबूक. मी कॉटवर उभी राहून रूममेटला ओरडून सांगत होते की मी हुशार आहे, आणि ती उशी फेकून मारत होती.

मॉडेल म्हणजे ॲपच्या आतला फोटो ओळखणारा प्रोग्रॅम, आणि त्याला शिकवायची पद्धत साधी असते. फोटो दाखवायचा आणि हा निरोगी, हा काणीचा, असं सांगत राहायचं. आधी ते अंदाजपंचे उत्तर देतं, मग हळूहळू कमी चुकतं. लॅबमधल्या मोठ्या मशीनवर चुकांचा आकडा खाली खाली सरकताना बघणं, याच्यासारखी मजा मला दुसऱ्या कशात येत नाही. डब्यातली भाकरी वाळून कडक व्हायची तरी मी उठायची नाही. एका दुपारी मी त्याला आधी न दाखवलेले फोटो दिले आणि त्यानं जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. मी खुर्चीवरून उडालेच. शेजारी बसलेल्याच्या पाठीत आनंदानं असा धपाटा घातला की तो बिचारा चहा सांडून बसला.

रविवारी आम्ही दोघी आष्ट्याला गेलो, खऱ्या रानात चालवून बघायला. आप्पा बांधावर उभे होते. पलीकडचं रान त्यांच्या चुलतभावाचं, आणि त्यात दोनचार काळे चाबूक इथूनच दिसत होते. मी बांधावरून फोटो काढला. मोबाइल म्हणाला, 'काणी'. रूममेटनं शिट्टी वाजवली. मला चेव चढला. मी बांध उतरून पलीकडे गेले, त्याच चाबकाच्या अगदी पुढ्यात उभी राहिले आणि जवळून फोटो काढला.

'निरोगी'.

पुन्हा काढला. 'निरोगी'. बांधावर येऊन काढला, 'काणी'. आप्पांचा काढला, 'निरोगी'. लांबच्या विजेच्या खांबाचा काढला, तर खांबाला काणी! रूममेट हसून हसून बांधावर बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोबाइल उसात भिरकावून द्यायला हात उचललाही होता, आणि तसाच वर राहिला. कारण मला कळलं. निरोगी ऊस सगळा मालकानं काढलेला होता, जवळून, स्वच्छ, हौसेनं. रोगट ऊस सगळा शेजाऱ्यानं काढलेला होता, बांधावरून, लांबून, चोरून, हललेल्या हातानं. माझ्या मॉडेलला काणी ओळखताच येत नव्हती. फोटो मालकानं काढलाय की शेजाऱ्यानं, एवढंच ते शिकलं होतं, आणि तेवढं मात्र अचूक शिकलं होतं. रडू यायला हवं होतं. पण चूक अशी डोळ्यांपुढे उलगडली की अंगावर काटा येतो, तसा आला आणि मी रूममेटच्या शेजारी बसून हसायला लागले. आप्पा तेवढे हसले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "झकास सापडलं. आता मालकांनी स्वतःच्या रानातून जवळून काढलेले रोगाचे फोटो आण. परीक्षक महिन्याच्या आत येतायत." मी ग्रुपवर सगळं खरं खरं लिहिलं आणि हात जोडले. उत्तरं आली, 'आमच्यात असलं काय न्हाई.' चार दिवस तेच. वर्ष गेलं तर आईला काय सांगू, हे एकदा मनात आलं की जेवण जाईना.

मग आप्पांचा फोन आला. "पोरी, ये जरा इकडं." मी आणि रूममेट गेलो. आप्पा पुढे चालत राहिले, विहीर ओलांडून थेट बेण्याच्या मळ्याच्या पोटात. तिथे काही उसांच्या शेंड्यांवर पोती बांधलेली होती. त्यांनी एक पोतं अलगद काढलं. आत काळा चाबूक.

"चुलतभावाच्या रानात बगून तुमी हसलासा न्हवं," ते म्हणाले, "त्येचं बेणं माझ्याच हितलं हाय."

रूममेटच्या तोंडचं पाणी पळालं. "आप्पा, कुणाला कळलं तर? नव्या उसाच्या लागणी तोंडावर आल्यात, सगळ्यांनी तुमच्याकडं बेणं सांगून ठेवलंय."

"म्हणून तर कळाय पायजे. माझं नाव घिऊन रोग नेत्यात लोकं." ते घरी गेले, धुतलेला शर्ट आणि टोपी घालून परत आले आणि तो चाबूक हातात धरून ताठ उभे राहिले. "काढ. तोंड दिसू दे. आन्‌ जवळनं काढ, न्हाईतर तुझं मशीन परत खांबाला काणी म्हणंल."

मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. फोटो त्यांनी स्वतःच ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःच्या आवाजात निरोप टाकला, "ही काणी माझ्या रानातली हाय. औंदा माझं बेणं कुणी नेऊ नका."

मग आप्पांचा फोन वाजायला लागला, एकामागून एक, सगळे बेणं नको म्हणून सांगणारे. आप्पा प्रत्येकाला "व्हय, बराबर हाय" म्हणत होते. रूममेट आत जाऊन बसली. संध्याकाळी ग्रुपवर एक फोटो आला. चुलतभाऊ. स्वतःच्या रानात, हातात चाबूक घेऊन, अगदी जवळून. खाली लिहिलं होतं, 'माझ्यात बी हाय.' मग कुणीतरी आणखी एक. मग रांगच लागली. आणि या फोटोंत असं काही होतं जे बांधावरून कधीच दिसलं नसतं. चाबूक यायच्या आधी निघणारे गवतासारखे बारीक, उभे फुटवे. ते फक्त मालकालाच माहीत असतात, कारण सरीत वाकून बघणारा तोच. मी ते सगळे मॉडेलला दाखवले. आकडा पुन्हा खाली सरकू लागला, पण या वेळी मी कुणाच्या पाठीत धपाटा घातला नाही.

परीक्षक आले आणि खरंच म्हणाले, "चला, रानात." आप्पांनी स्वतःहून आपलाच मळा देऊ केला, आणि त्यातही सगळ्यात चांगला तुकडा, घरच्या लागणीसाठी राखलेला. उसाच्या एका बेटाला, म्हणजे एका मुळावरच्या झुपक्याला, मोबाइल 'काणी' म्हणाला. परीक्षक वाकले. "इथे चाबूक कुठाय? चुकलं की तुमचं." मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या. आप्पांनी विळा घेतला, एका बारीक फुटव्याचा शेंडा उभा चिरला आणि तळहातावर धरला. आत चाबकाचा काळा, ओला दोरा नुकता धरत होता.

"आहे! आहे!" मी परीक्षकांसमोर उड्या मारल्या. जन्मात एवढा आनंद झाला नव्हता. मग माझं आप्पांकडे लक्ष गेलं आणि मी थांबले. "हास की गं पोरी," ते म्हणाले. "खरं सांगतंय म्हणून तर हितं आणलं तुला. धर, पुढची सरी बगू."

मी पास झाले. लागणीच्या वेळी आप्पांनी फोन केला, "मशीन घिऊन ये." दुसऱ्याच्या दारात बेण्यासाठी जायची त्यांची ती पहिलीच वेळ होती. मी मोबाइल काढला तसा त्या घरच्या मालकाचा चेहरा उतरला. आप्पा पुढे झाले.

"राग धरू नका," ते म्हणाले. "हिनं माझं रान आधी बगितलंय."