खंडेनवमीला पुजलेलं विमान

थोरल्या भावाने माझ्या विमानाला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं, आणि मीही त्याला सोडलं नाही.

पिंपरीच्या नव्या कारखान्यातला गोरा इंजिनिअर मायदेशी जाताना मला एक खोकं देऊन गेला. आत लढाऊ विमानाचे लाकडी तुकडे, बोटभर इंजिन आणि रेडिओचा संच. जमिनीवरून बटण दाबायचं आणि आकाशात विमानाची शेपटी वळवायची. दिवसभर दुसऱ्याची यंत्रं जोडून मी विटलो होतो. हे माझं होतं, आणि ते मला सगळ्या गावादेखत उडवायचं होतं.

दादा पलटणीत हवालदार होता, ब्रह्मदेशाच्या लढाईतून लंगडत परत आलेला. खोकं घरी आणलं त्या पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "असलं इमान घरात नगं."

"खेळणं हाय," मी म्हणालो.

"मंग पंखाखाली बाँब कशापायी?"

मी पाठ फिरवून तुकड्यांना डिंक लावायला घेतला. तेव्हापासून तो माझ्याशी थेट बोलेनासा झाला. जेवताना वहिनीला सांगायचा, "त्याला म्हणावं, त्या डिंकाच्या वासानं भाकर कडू लागती." मीही वहिनीलाच सांगायचो, "दादाला म्हणावं, ओट्यावर बसून खा." ती बिचारी भाकरी हातात घेऊन दोघांच्या मध्ये उभी. एकदा मी वाळत ठेवलेल्या पंखावर त्याच्या हातून कडब्याची पेंढी पडली. चुकून पडली म्हणे. पंख पुन्हा जोडताना मी त्याला जे म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडली. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, दादाचा पलटणीतला सुरा. त्या सुऱ्याला खेटून मी मुद्दाम विमान ठेवलं.

"त्याला इचार," दादा वहिनीला म्हणाला, "खेळण्याची पूजा कवापासनं?"

"लढाऊ हाय म्हणावं. हत्यारच हाय."

त्याने एकेका हत्याराला हळदकुंकू लावलं आणि विमान तेवढं वगळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वहिनीला लावायला सांगितलं. तिने घाबरत घाबरत शेपटीवर पाचही बोटं उमटवली, चांगली जाडजूड. पुजलेलं हत्यार आमच्याकडे दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, पुसत तर नाहीतच. हत्यार मीच म्हटलं होतं, तेव्हा शेपटी वळवून बघायचीही सोय राहिली नाही.

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी सगळा गाव शिवेवरच्या माळावर जमला. मी इंजिन चालू करून विमान सोडलं. ते उचललं गेलं, चढलं, कासारवाडीच्या बाजूला पार लहान झालं. गाव वर बघत होता. मी दादाकडे बघत होतो. बघ म्हटलं, डोळे फाडून बघ.

मग विमान माघारी आणायला बटण दाबलं. शेपटी वळली, ती सरळ होईना. वाळलेलं हळदकुंकू बिजागरीत घट्ट बसलं होतं. विमान गरगरत खाली आलं, थेट आमच्या रोखाने. मी बटण दाबतच राहिलो.

"आडवा हो!"

काही कळायच्या आत दादाने काठी टाकून मला जमिनीवर पाडलं आणि तो माझ्यावर पालथा पडला. हातातला रेडिओच्या बटणांचा डबा माझ्या छातीखाली पिचला. विमान आमच्यावरून घोंगावत गेलं आणि पलीकडच्या खडकावर फुटलं. कुणीतरी म्हणालं, "हवालदार, लढाई कवाच सपली." गाव हसायला लागला.

दादा उठला नाही. त्याचा पंजा माझ्या डोक्यावर होता आणि तो ते मातीत आणखी दाबत होता. त्याचं नवं पागोटं मातीत पडलं होतं. मी खाली पडल्या पडल्या त्याला शिव्या देत होतो.

"लागलं का रं?" त्याने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला विचारलं, वहिनीला नाही.

मी तोंडातली माती थुंकली. वहिनी धावत आली होती. तिच्याकडे बघून मी म्हणालो, "दादाला म्हणावं, उठ अंगावरनं."