अण्णांनी हलवलेले दगड

फोन आला तेव्हा मी बेंगळुरात, बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात, तपासणी विभागात होते. पलीकडे आत्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. "सुजाता, अण्णा गेले ग..." एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ फोनमधून नुसता दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीच्या हवेच्या पंपाचा आवाज येत राहिला. माशांना सकाळचं खाणं घालून माझे सासरे टाकीसमोर बसले होते, ते बसल्या जागीच गेले. डॉक्टर येऊन हृदय थांबल्याचं सांगून गेलेही होते. मग आत्या म्हणाल्या, "त्या टाकीचा दिवा तसाच जळतोय. तो कुठून बंद करतात, मला ठाऊक नाही." होसूर रोडवरून बनशंकरीला घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यातून जाईना. ज्या दिवाणखान्यात त्यांनी सगळा संसार केला, तिथल्या सर्वांत मोठ्या वस्तूला त्यांनी कधी हातही लावला नव्हता.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि घरात एकच प्रश्न उरला, या टाकीचं काय करायचं? माझा नवरा महेश म्हणाला, देऊन टाकू, एवढा व्याप आता कोण करणार. मला ती ठेवायची होती. का, ते सांगायचं तर अण्णांबद्दल सांगावं लागेल.

अण्णा बेंगळुरातल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज इकडे कधी आले ते कुणालाच नीट सांगता येत नसे. त्यांच्या मराठीत 'जरा'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' इतके मुरलेले, की ते शब्द कानडी आहेत हे त्यांना सांगितलं तर ते हसत. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस आयुष्यात कधी देशाबाहेर गेला नाही, पण आफ्रिकेतल्या मलावी सरोवराबद्दल असं बोले, जणू आपलं आजोळच तिथं आहे. त्या सरोवरातले सिक्लिड जातीचे मासे त्यांनी पाळले होते. हळदीसारखे पिवळे, निळ्यावर काळे पट्टे असलेले, काही जांभळट... आणि एकजात भांडखोर. टाकीत एक हिरवं पान टिकत नसे, म्हणून आत फक्त दगड, आणि दगडांमधल्या कपारी. प्रत्येक कपारीला मालक. दुसऱ्यानं नुसतं तोंड घातलं तरी मारामारी. "भावकी आहे ही," अण्णा म्हणत, "फक्त कोर्टात जात नाहीत."

आमच्या गल्लीत नळाला कावेरीचं पाणी आलं तेव्हाची गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत. सगळी गल्ली खूश, लोकांनी पेढे वाटले. आनंदाच्या भरात अण्णांनी टाकीतलं बोअरचं पाणी काढून कावेरीचं गोड पाणी भरलं, आपण पिणार तर त्यांनीही प्यावं म्हणून. मासे रंग उतरून तळाशी पडून राहिले. या माशांना बोअरचं क्षारांचं जड पाणीच मानवतं, हे सगळं पुस्तकात वाचलेलं असूनही प्रेमापोटी विसरले. "मोठ्या माणसांची ही खोड बघ सुजाता," ते मला म्हणाले होते, "आपल्याला जे गोड, ते सगळ्यांना गोड." त्यानंतर टाकीला कायम बोअर, आणि पाणी जड राहावं म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा.

मी निपाणीची. वडील शिंपीकाम करतात. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. लग्न ठरवायला आम्ही इथं आलो तेव्हा बाबा नवा शर्ट घालून, सोफ्याच्या कडेला टेकून बसले होते. अण्णांनी देण्याघेण्याचं, नात्यागोत्याचं काहीच विचारलं नाही. हात धरून बाबांना टाकीपाशी नेलं. बाबांनी खूप वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "मोठे झाले की खाता का हे?" मी शरमेनं मान खाली घातली. अण्णा मात्र तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "यांचा स्वभाव बघता तेच मला खातील." त्यावर बाबा जे हसले... इथं आल्यापासून पहिल्यांदाच ते मोकळे हसले होते, आणि मी मनातल्या मनात होकार दिला तो तेव्हाच.

लग्नानंतरचे पहिले महिने मात्र सोपे नव्हते. कुणी टाकून बोलत नसे, पण घरात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. अण्णांची खुर्ची, महेशचं कपाट, आत्यांची फळी. डबा काढला तर तो परत नेमका कुठं ठेवायचा हे मला कळत नसे, आणि आत्या मागून येऊन तो एका बोटानं सरकवत. मी पाहुण्यासारखी विचारून विचारून वावरायची. अशातच एका सकाळी अण्णा मल्लेश्वरमहून पिशवीत एक नवा निळा मासा घेऊन आले. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, बाह्या दुमडल्या आणि आतले सगळे दगड एकेक करून बाहेर काढले. मग वेगळ्याच पद्धतीनं पुन्हा रचले. मी विचारलं, "अण्णा, एवढं छान लावलेलं का मोडलंत?"

"नव्याला हे मारून टाकतात ग. तो वाईट असतो म्हणून नव्हे, सगळे दगड आधीच वाटले गेलेले असतात म्हणून. सगळे दगड हलवले की सगळेच नवे होतात. मग कुणाला भांडायला फुरसत नसते, जो तो आपली जागा शोधतो." नवा मासा आत सोडला. खरंच, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी आत्या देवळात गेल्या होत्या. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "चल, सगळे डबे खाली काढ." मला वाटलं झाडलोट असेल. पण त्यांनी मला विचारलं, "तुझा हात कुठं पोचतो? तुझ्या आईकडे मीठ कुठं असतं?" आणि मी सांगीन तसं सगळं लावलं. जेवणाच्या टेबलावरच्या खुर्च्या बदलल्या, कपाटं बदलली, स्वतःचं वर्तमानपत्र वाचायचं ठिकाणही सोडलं. त्यानंतर आठवडाभर घरात नुसता गोंधळ. महेश मोजे शोधतोय, अण्णा चष्मा शोधतायत, आणि आत्या मला विचारतायत, "जिरं कुठं ठेवलंस?" त्या घरात पहिल्यांदाच मला काहीतरी माहीत होतं, जे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मी ते कधी विसरणार नाही.

माझी नोकरीही त्यांनीच टिकवली. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची वेळ आली की माझी बोबडी वळायची. टाकी पाहायला लांबून लांबून हौशी लोक येत, तेव्हा अण्णा मला पुढं करत. "आमची सून सांगेल." मी अडखळत सांगायची, मादी अंडी तोंडात कशी सांभाळते, पिल्लं मोठी होईतो दोन-तीन आठवडे घासही कसा घेत नाही. ते मधे एक शब्द बोलत नसत. माणसं गेली की म्हणत, "आज चुकलीस कमी आणि घाबरलीस जास्त. सरी, पुढच्या वेळी उलट कर." असं करत करत मी कारखान्यात दहा जणांसमोर उभी राहायला शिकले. एकदा अशीच माहिती देत असताना आत्या चहा घेऊन आल्या. तोंड मिटून बसलेल्या त्या मादीकडे पाहून म्हणाल्या, "बायकांचं सगळीकडे सारखंच. तोंड बंद ठेवायचं आणि उपाशी राहायचं." पाहुणे हसले. अण्णा तेवढे हसले नाहीत.

त्या बोलण्याचा अर्थ मला अण्णा गेल्यावर उमगला. एके दिवशी आत्यांबरोबर भाजी निवडत होते. मी टाकीबद्दल, त्या रविवारबद्दल भरभरून बोलत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला जागा केली यांनी, खरंय. पण ती कुणाची काढून केली? देवळातून आले तर माझं स्वयंपाकघर मला ओळखू येईना. विचारायचं तरी..." त्यांच्या आवाजात राग नव्हता. अण्णांइतका उमदा माणूस मी पाहिला नाही, आजही हेच म्हणेन. पण दगड हलवताना त्यांनी माशांनाही विचारलं नव्हतं आणि आत्यांनाही नाही, हेही तितकंच खरं.

मल्लेश्वरमचे एक गृहस्थ, अण्णांचे या छंदातले स्नेही, टाकी पाहायला आले. मायेनं सांभाळतील असे वाटले. रविवारी घेऊन जातो म्हणाले. महेश "हो" म्हणून मोकळा झाला. 'नाही, टाकी इथंच राहील' हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभ्या दिसल्या आणि मी थांबले. विचारलं, "आत्या, टाकीचं काय करायचं? तुम्ही सांगा."

"मी?"

"दिवाणखाना तुमचा आहे."

त्या हात पुसत टाकीपाशी आल्या. मला वाटलं, आता संपलं. मग म्हणाल्या, "जागा चुकलीय तिची. पूर्वेची खिडकी अडवलीय यांनी. लग्न होऊन आले तेव्हा त्या खिडकीत बसून मी तांदूळ निवडायची. ऊन यायचं, रस्ता दिसायचा. मग टाकी आली, उन्हानं शेवाळ धरतं म्हणून मागे काळा कागद लागला. झालं." महेश अवाक होऊन म्हणाला, "अम्मा, इतकी वर्षं बोलली का नाहीस?" "विचारलं कुणी?" त्या म्हणाल्या. मग त्या गृहस्थांकडे वळून, "मासे राहू देत. त्यांनी काय केलंय? टाकी त्या समोरच्या भिंतीला घ्या. खिडकी तेवढी मला द्या."

रविवारी ते गृहस्थ टाकी न्यायला यायचे, ते हलवायला मदत करायला आले. मासे जुन्या पाण्यासकट पिंपात, पंप लावून. दगड वर्तमानपत्रावर वाळत. काळा कागद काढला तशी उन्हाची एक लांब पट्टी फरशीवर आली, आणि आत्या पदर खोचून दगडांपाशी बसल्या. मी अण्णांची रचना आठवून सांगायला लागले. "गप बस," त्या म्हणाल्या, "मला लावू दे." कोपरापर्यंत हात पाण्यात घालून त्यांनी त्यांच्या मनासारखी गुहा केली. थोडी कललीच, पण टिकली.

ज्यावर बसून अण्णा मासे पाहत, ते बुटकं लाकडी स्टूल खिडकीपाशी होतं तिथंच राहिलं. आत्या आता त्याच्यावर बसतात. एकीकडे रस्ता, दुसरीकडे टाकी, दोन्ही दिसतं. दिव्याचं बटण मी त्यांना दाखवलंय. त्या दिवशी मासे सोडले तेव्हा सगळे काचेला चिकटून उभे राहिले, कुणालाच काही ओळखीचं दिसेना. थोड्या वेळानं अण्णांनी तेव्हा पिशवीतून आणलेला तो निळा, आता दांडगा झालेला नर हळूच पुढं सरकला आणि नव्या गुहेत शिरून दारात तोंड काढून उभा राहिला, जणू सातबारा त्याच्याच नावावर. आत्यांनी स्टुलावरून उठून काचेवर बोट आपटलं.

"ए, स्वल्प थांब! अजून कुणाचंच काही ठरलेलं नाही."