खात्री न देणाऱ्या अध्यक्षा

ठाकुर्लीतल्या आमच्या इमारतीच्या एका खांबाचं प्लास्टर गळून आतली सळई दिसू लागली, तेव्हा सोसायटीच्या कमिटीत बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एक वकील आणि सेक्रेटरी म्हणून माझे वडील होते. सगळी माणसं हुशार आणि प्रामाणिक. त्यांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. इमारत राहण्यास धोकादायक आहे, असं अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. त्यावर दुसरं मत घ्यायचं ठरलं. तेही तसंच आलं. मग वकिलांनी इमारत पाडून नवी बांधून देणाऱ्या बिल्डरच्या कराराचा मसुदा पुन्हा वाचायला घेतला. सगळं नक्की झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि नोकरीत तो त्यांना उपयोगी पडला होता.

मी बरीच वर्षं महापालिकेच्या सभांच्या बातम्या दिल्या. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं तो नेता, ही समजूत तिथली. ती आमच्या आवारात मोडली.

बँकेतल्या दोघांपैकी एक अध्यक्ष होते, त्यांना मुलगा पुण्याला घेऊन गेला. रिकामं पद कोणी घेईना. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई तयार झाल्या. त्या शाळेत शिकवायच्या, पाडव्याच्या शोभायात्रेसाठी रस्त्यावर मोठ्या रांगोळ्या काढायच्या आणि सुट्ट्यांमध्ये सह्याद्रीत ट्रेकला माणसं न्यायच्या. सभेत एक शेजारी म्हणाले, आता खांबावर वेलबुट्टी काढा म्हणजे झालं.

“काढते की,” बाई म्हणाल्या. “खाली उभं राहायला तुम्ही या.”

खरी अडचण माझ्या वडिलांची होती. ते घर सोडायला तयार नव्हते. मागच्या गल्लीतली एक इमारत रिकामी करून पाडली होती आणि ती जागा अजून पत्र्याच्या कुंपणात पडून होती. तिथले लोक भाड्याच्या घरांतून विखुरले होते. आपलं तसं होणार नाही कशावरून, हा वडिलांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण इमारत झाली तेव्हापासून ते सेक्रेटरी असल्याने आणखी काही कुटुंबं त्यांच्याकडे बघून थांबली होती. इमारत रिकामी होत नव्हती आणि खांबाची भेग रुंदावत होती.

बाईंनी आधी खांबाला लोखंडी टेकू लावून घेतले. मग एका रविवारी आवारातल्या गाड्या बाहेर काढायला लावल्या आणि बिल्डरच्या नकाशातलं एक घर रांगोळीने जमिनीवर काढलं, खऱ्या मापात. भिंती, दारं, ओटा, न्हाणीघर. लोक खाली आले आणि न सांगता दाराच्या रेघेबाहेर चपला काढून आत गेले. कमिटीने महिनोन् महिने अभ्यासलेल्या नकाशात संडासाचं दार थेट ओट्यासमोर उघडत होतं, हे तेव्हा कळलं. बायका चिडल्या. बाईंनी ती रेघ तळव्याने पुसली, दार दुसरीकडे काढलं आणि बिल्डरच्या माणसाला तिथेच बोलावून दाखवलं. तो बदल मान्य झाला. गॅलरी वाढवायला मात्र तो नाही म्हणाला, तेही बाईंनी सगळ्यांना तसंच सांगितलं.

वडील रेघेबाहेर उभे होते. परत येण्याची खात्री काय, असं त्यांनी सर्वांसमोर विचारलं. वकील करारातलं कलम सांगणार होते. बाईंनी त्यांना थांबवलं.

“खात्री नाही, काका. मी देऊ शकत नाही. हा खांब टिकणार नाही, याची मात्र मला खात्री आहे.”

मग त्या पुढे म्हणाल्या, ट्रेकमध्ये सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला मी पुढे ठेवते. मागे ठेवला की तो एकटा पडतो आणि रांग तुटते. तुम्ही पुढे व्हा, बाकीचे तुमच्या चालीने येतील.

“म्हणजे मी सगळ्यात सावकाश?”

“हो.”

“अहो, सेक्रेटरी आहे मी.”

“म्हणूनच सगळे थांबलेत.”

वडिलांना हसू आलं नाही, रागही आला नाही. घरी आल्यावर त्यांनी आईला विचारलं, बांधाबांध करायला किती दिवस लागतील.

चित्रकाराला चित्र पूर्ण झाल्याशिवाय ते कसं दिसेल हे कळत नाही, तरी पहिली रेघ मारावी लागते. चुकली तर सगळ्यांदेखत पुसावी लागते. डोंगरात माणसं नेणाऱ्याला हवेची हमी नसते. कुठून परत फिरायचं आणि कोणाला कुठे चालवायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. माझ्या पाहण्यातल्या पुष्कळ पदाधिकाऱ्यांना “मला माहीत नाही” म्हणता आलं नाही, आणि त्यामुळे पुढचं काही करताही आलं नाही. बाईंना ते वाक्य सवयीचं होतं. ते म्हणून झालं की त्या कामाला लागत.

वडिलांनी अक्षय्य तृतीयेनंतरचा दिवस सांगितला. बाईंनी बाकीच्यांचे दिवस त्यानंतर लावले. आमचं सामान विठ्ठलवाडीला भाड्याच्या घरात गेलं. दुसऱ्या सकाळी वडील पुन्हा ठाकुर्लीत हजर होते. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं कपाट जिन्यातून कसं उतरवायचं, ते हमालांना सांगत होते. शेवटचं घर रिकामं होईपर्यंत ते रोज गेले.

इमारत पाडली. नवीन काम जोत्यापर्यंत आलं आणि एका परवानगीसाठी थांबलं. वडिलांची भीती अगदीच निराधार नव्हती. विठ्ठलवाडीतले शेजारी त्यांना विचारतात, घर कधी मिळणार.

“सांगता येत नाही,” वडील म्हणतात, आणि बाईंबरोबर महापालिकेत जायला निघतात.