कपाटातले पासपोर्ट

इथे आखातात, आमच्या ऑफिसात माझ्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट आहे. ड्रायव्हर, प्लंबर, एसी मेकॅनिक अशा कंपनीतल्या सगळ्या कामगारांचे पासपोर्ट त्यात असायचे, प्रत्येकाचा वेगळ्या पाकिटात. किल्ली माझ्याकडे. असे पासपोर्ट ठेवून घेणं कायद्यात बसत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ‘इथे सुरक्षित राहतात’ असं म्हणायची पद्धत होती आणि नऊ वर्षं मीही तेच म्हणत आलो. माझा स्वतःचा पासपोर्ट माहूज भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बायकोच्या साड्यांखाली असतो. तो माझ्याकडे कुणी कधी मागितला नाही.

कामगाराला पासपोर्ट हवा असेल तर अर्ज करायचा. त्यात कारणाचा रकाना, आणि खाली दोन सहकाऱ्यांच्या सह्या. हा माणूस परत आला नाही तर जबाबदार आम्ही, असं त्या दोघांनी लिहून द्यायचं. हा फॉर्म मीच तयार केला होता. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका ड्रायव्हरने अर्ज दिला. चिपळूणकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. कारणाचा रकाना कोरा.

“रजेवर जायचंय का?” मी विचारलं.

“नाही साहेब.”

“मग कशाला हवाय?”

“माझा आहे म्हणून.”

“हे कारण होत नाही. नीट भरून आणा.”

दुसऱ्या खेपेला त्याने लिहिलं, ‘स्वतःजवळ ठेवणे’. मी तोही परत केला. तिसऱ्यांदा तो तोच कागद घेऊन आला तेव्हा माझं डोकं फिरलं. “अहो, इतक्या वर्षांत कुणाला अडचण आली नाही. तुम्हालाच कशी येते?”

“मला आली होती ना साहेब,” तो शांतपणे म्हणाला. “तुम्ही विसरलात.”

मी विसरलो नव्हतो. आदल्या वर्षी एका गुरुवारी संध्याकाळी त्याचे वडील गेले. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. शुक्रवारी सकाळपासून त्याने मला फोन केले. मी कुटुंबाबरोबर रिफाच्या मॉलमध्ये होतो, फोन सायलेंटवर. संध्याकाळी मी ते सगळे मिस्ड कॉल पाहिले, त्याचा मेसेज वाचला, आणि मनात म्हटलं, आता रविवारीच बघू. तो घरी पोचला तेव्हा अस्थीसुद्धा विसर्जित झाल्या होत्या. फोन सायलेंटवर होता एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. मेसेज वाचला होता, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

ड्रायव्हरचा अर्ज अडला होता त्याच आठवड्यात माझ्या नववीतल्या मुलीला इतिहासाचा प्रोजेक्ट आला. गुलामगिरीवरच्या वादातून अमेरिकेत यादवी युद्ध कसं झालं आणि त्यानंतर काय झालं. ईसा टाउनच्या शाळेतून तिला घरी आणताना गाडीत मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगायला लागलो. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत कापसाचे मळे. दोघांचे हितसंबंध वेगळे. दक्षिणेतल्या राज्यांना आपले हक्क जपायचे होते, म्हणून ती फुटून निघाली.

“राइट्स टू डू व्हॉट?” ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

“म्हणजे, आपला कारभार आपण करायचा हक्क.”

“बाबा, आन्सर द क्वेश्चन.”

गुलाम ठेवायचा हक्क, असं सरळ उत्तर होतं. देश पश्चिमेकडे वाढत होता, आणि तिकडच्या नव्या मुलखात गुलामगिरी चालू द्यायची की नाही, यावरून वर्षानुवर्षं भांडण पेटलेलं. गुलामगिरी पसरू देणार नाही म्हणणारा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा दक्षिणेतली राज्यं एकेक करून बाहेर पडली. हे मला माहीत होतं. मग मी हितसंबंध वगैरे कशाला सांगत बसलो? सिग्नल हिरवा झाला तरी मी थांबलेलोच. मागचा हॉर्न वाजवत होता आणि मुलगी म्हणाली, “यल्ला, बाबा, गो.”

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला बोलावून मी पाकीट त्याच्या हातात दिलं. अर्ज नाही, सह्या नाहीत. फक्त रजिस्टर पुढे केलं. त्याने सही केली, आणि मी सवयीने पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. “परत करायची तारीख लिहा.”

तो पहिल्यांदाच हसला. “परत कुणाला, साहेब?”

मला वाटलं, विषय संपला. खलास. तीन आठवड्यांनी तो पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला.

“तुम्हीच ठेवा.”

“का? आता काय झालं?”

“खोलीत सहा जण. एकच कपाट, त्याला कुलूप नाही. रोज उशीखाली घेऊन झोपतो, दिवसा खिशात. घामाने कव्हर सुटायला लागलंय.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. बघा, मी म्हणत होतो ना, इथेच सुरक्षित राहतात. माझा हात पासपोर्टकडे गेलासुद्धा.

थांबलो तो मुलीच्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानामुळे. आदल्या संध्याकाळी तिने ते माझ्याकडून तपासून घेतलं होतं. युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली. पण सुटलेल्या बहुतेकांना ना जमीन मिळाली ना घर. मग पुष्कळजण कराराचा कागद करून जुन्याच मालकाच्या मळ्यावर राबायला गेले. कामाचा कागद जवळ नसला तर भटक्या म्हणून पकडायचे. खाली तिने लिहिलं होतं की, मालक तेव्हा म्हणत, बघा, यांना स्वातंत्र्य नकोच होतं. मी ते वाक्य वाचलं होतं आणि स्पेलिंगची एक चूक सुधारून वही परत दिली होती.

पासपोर्ट त्याच्याकडे परत सरकवला आणि मॅनेजरकडे गेलो. कामगारांच्या खोल्यांत कुलपाची कपाटं हवीत म्हणालो. तो म्हणाला, “लेखी दे. कारण लिही.” लिहिलं. परत आलं. पुन्हा लिहिलं. “इंशाल्ला,” तो म्हणाला, आणि या शब्दाचा ऑफिसातला अर्थ ‘विसरून जा’ असा होतो, हे मला माहीत होतं. मी स्वतः तो कमी वेळा वापरलेला नाही.

शेवटी एके दिवशी काम सुटल्यावर ड्रायव्हरला माझ्या गाडीत बसवलं आणि ईसा टाउनच्या बाजारात नेलं. एक लोखंडी पेटी घेतली, पलंगाखाली सरकेल एवढी. बाकीच्या पेट्यांचं मॅनेजरशी भांडण अजून चालू आहे. तोवर पाकिटं कपाटातच आहेत. अर्ज मात्र मी बंद केला. जो मागेल त्याला देतो, पण मागावं अजून लागतंच.

दुकानदाराने कुलपाबरोबर दोन किल्ल्या दिल्या. ड्रायव्हरने एक आपल्या गळ्यातल्या दोऱ्याला बांधली. दुसरीसाठी माझा हात आपोआप पुढे झाला.

त्याने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “राहू दे साहेब,” म्हणाला, आणि दुसरीही त्याच दोऱ्यात ओवली.