सावल्या बंद

जगातलं सगळं गवत, सगळ्या सावल्या आणि एक अख्खी नदी नाहूरच्या दोन खोल्यांत बसून बंद करून टाकणारा माणूस माझ्या माहितीत एकच झाला, आणि तो माझा साडू होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणायचो. ते मला नुसतं 'साडू' म्हणायचे आणि तेवढ्या दोन अक्षरांत तीन प्रकारचा तुच्छभाव बसवायचे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. लोखंडाचा तुकडा चिमटीत धरून तो किती केस जाड आहे ते सांगायचे, आणि ते बरोबर निघायचं, निदान त्यांच्या सांगण्याप्रमाणे तरी. माझ्या लग्नात माझ्याशी पहिल्यांदा हात मिळवला आणि ताईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, म्हणाले, "मुलगा बरा आहे, फिटिंग ढिलं आहे."

पुढे त्यांच्या दोन्ही किडन्या नोटीससुद्धा न देता काम सोडून गेल्या. मुलुंडच्या एका सेंटरमध्ये आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, सकाळी सात ते अकरा. चार तास डाव्या हातात दोन जाड सुया घालून खुर्चीत पडून राहायचं, आणि रक्त शेजारच्या मशीनमधून फिरून यायचं. बिल्डिंगमध्ये मात्र त्यांनी जाहीर केलं होतं की आपल्याला सकाळची शिफ्ट लागली आहे. रिटायर झालेल्या माणसाला कसली शिफ्ट, असं कोणी विचारलं नाही. वॉचमनपासून तळमजल्याच्या आजींपर्यंत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळे न चुकता विचारायचे, "काय, शिफ्ट कशी झाली?" हे म्हणायचे, "झकास."

पण शिफ्ट पुरी करायचे नाहीत. दोन-अडीच तास झाले की "सुया काढा, मी उठतो." स्वतःच्या जबाबदारीवर उठतो आहे अशा कागदावर त्यांनी इतक्या सह्या केल्या की सेंटरवाल्यांनी त्याची वेगळी फाइल केली. शेवटी बंगळूरच्या लेकीने एक तोडगा काढला. हातात मावणारा गेमिंग पीसी असतो, दोन्ही बाजूंना बटणं आणि मधे स्क्रीन, तो पाठवला. आत बंदुकीचा एक गेम घालून दिला, जंगलातल्या लढाईचा. आणि फोनवर वचन घेतलं, "बाबा, जोवर बॅटरी, तोवर बसायचं."

साडूभाऊंनी शब्द दिला. शब्दाचा माणूस. बॅटरी सव्वा तासात संपली, आणि सव्वा तासाने ते ताठ मानेने उठले.

सेंटरमध्ये चार्जर लावायची सोय नव्हती. तिथला प्रत्येक प्लग मशीनचा. मी पॉवर बँक घेऊन गेलो तर म्हणाले, "एक मशीन बाहेरून लावलंय मला, तेवढं पुरे. त्याला पण लावतोस?" मग एका दुपारी जिना चढताना मधल्या पायरीवरच बसले. श्वास पुरेना. छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की अर्ध्यावर उठून बुडवलेला प्रत्येक तास असा वसूल होतो, आणि असं फार दिवस चालणार नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे ते वचन, चार तास बसतो. साडूभाऊ म्हणाले, "शब्द बदलायचा नाही. बॅटरी वाढवायची."

इथून त्या माणसाच्या अंगात आलं. शाळेची दोनशे पानी वही आणली. एका बाजूला काय बंद केलं, दुसऱ्या बाजूला किती मिनिटं मिळाली. आधी सावल्या बंद केल्या. "सावली कुणाला गोळी मारते का रे? मग?" एकवीस मिनिटं मिळाली. मग धुकं गेलं, धूर गेला, झाडांची पानं गेली, आकाशातले ढग गेले. सेकंदाला साठ चित्रं दाखवायचं ते यंत्र त्यांनी तिसावर आणलं, त्याला मिळणारी वीज एकेक वॅटने उतरवली. मग नदीवर आले. नदीचं चकाकणं बंद केल्यावर ती विक्रोळीच्या सर्व्हिस रोडसारखी दिसायला लागली. मी हळहळलो. "मला दिवसाला लिटरभर पाणी दिलंय डॉक्टरांनी," ते म्हणाले, "याला कशाला अख्खी नदी?"

डावा हात सुयांना दिलेला, तो हलवायचा नाही. म्हणून पुढे चालायचं बटण त्यांनी उजवीकडे आणलं. मागे जायचं बटण ठेवलंच नाही. विचारलं तर म्हणाले, "मागे कुठे जायचंय आता?"

सगळ्यात मोठी मजा झाली गवताची. त्या गेममधले शत्रू पुरुषभर गवतात लपून बसायचे. साडूभाऊंनी गवतच काढलं. पण ते शत्रूंना कोणी कळवलं नव्हतं. त्यामुळे सपाट मोकळ्या मैदानात एक गडी उकिडवा बसलेला, कुणाला आपण दिसत नाही अशा पूर्ण भरवशावर. मी म्हटलं, "उडवा की. समोरच तर बसलाय."

"राहू दे," ते म्हणाले. "त्याला वाटतंय ना आपण लपलोय? मग आपण बघितलंच नाही."

आणि त्याला वळसा घालून गेले. माझ्या माहितीत त्यांनी त्याला एकदाही मारलं नाही.

ही खोड मग घरातही शिरली. फ्रिजमधला दिवा काढला. ताईंच्या सिरियलचा आवाज इतका उतरवला की ताई ओठांवरून भांडणं ओळखायला शिकल्या. घाटकोपरला एका लग्नाला गेलो, तर हॉलमधली झुंबरं, फुलांच्या माळा, धुराचं मशीन हे सगळं डोळे बारीक करून पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "नवरा-नवरी सोडून बाकी सगळं 'लो'वर टाका. लग्न जास्त चालेल." पुढच्या वर्षी त्या दोघांचा घटस्फोट झाला. तेव्हा त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "काय बोललो होतो?"

'लो', म्हणजे गेममधली सगळ्यात खालची सेटिंग, हा त्यांचा परवलीचा शब्द झाला. हिमोग्लोबिन लो आलं की म्हणायचे, "बरं आहे, जास्त चालेल." वहीतली मिनिटं वाढत वाढत तीन तास चाळीसवर आली. तिथे मात्र अडकली. शेवटची वीस मिनिटं काही केल्या निघेनात. दर शनिवारी त्यांच्यासोबत मी जायचो, शेजारी स्टुलावर बसायचो. त्या शनिवारी त्यांनी स्क्रीनचा उजेडही निम्म्यावर आणला. दहा चाळीस झाले तरी बॅटरी होती. मीच घड्याळाकडे बघायला लागलो. तेवढ्यात ते हळू आवाजात म्हणाले, "साडू, सगळं फार लो झालंय रे. कडा दिसत नाहीत."

मी म्हटलं, "मग उजेड वाढवा थोडा."

"नको. वीस मिनिटं राहिलीत." मग थोड्या वेळाने, "माणसंपण पुसट झाली."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "आता माणसंपण बंद केलीत काय?" आणि वाकून स्क्रीन पाहिली. अंधूक होती, पण नीट दिसत होती. दगड, तो रस्त्यासारखा काळा नदीचा पट्टा, तो उकिडवा बसलेला गडी. पुसट काहीच नव्हतं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते कागदासारखं पांढरं झालं होतं.

सिस्टर धावल्या, खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले, सलाइन सोडलं. कोणीतरी बीपीचा आकडा सांगितला, तो मला आजही तोंडातून काढवत नाही. दहा मिनिटांनी रंग परत आला. मी म्हटलं, "अहो, सांगायचं ना चक्कर येतेय म्हणून. मला वाटलं गेम."

साडूभाऊ छताकडे बघत होते. म्हणाले, "मलाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "किती झाले?" चार तास दोन मिनिटं. बॅटरी तीन टक्के. वहीत मी लिहिलं. पण खाली सही त्यांनीच केली, त्या सेंटरमधली बहुधा पहिलीच, उठण्यासाठी न केलेली.

त्यानंतर त्यांनी एकही शिफ्ट अर्धी सोडली नाही. गेले ते सोमवारी, जेवण झाल्यावर, घरच्याच खुर्चीत. सोमवारी शिफ्ट नसायची. खाली तळमजल्याच्या आजी मला म्हणाल्या, "सकाळची शिफ्ट फार होती हो त्यांना," आणि पदर डोळ्यांना लावला.

पंधरा दिवसांनी ताईंनी ते यंत्र माझ्या हातात दिलं. "तुम्हीच ठेवा. मला त्यातलं काही कळत नाही." पूर्ण चार्ज केलेलं होतं. मंगळवारच्या शिफ्टच्या तयारीने त्यांनीच करून ठेवलेलं असणार. मी सुरू केलं. तेच उजाड मैदान, तोच गडी. मग काय वाटलं कोण जाणे, एकेक करून सगळं वर नेलं. झाडांना पानं आली. ढग आले. नदी चकाकली. गवत उठलं आणि तो गडी त्यात दिसेनासा झाला. साडूभाऊंच्या सैनिकाच्या पायाशी एक लांब सावली पडली.

ताई पाठीमागे येऊन उभ्या होत्या. "हे इतकं हिरवं होतं?"

"हो."

"मला कधी असं दाखवलं नाही त्यांनी." त्या शेजारी बसल्या. सैनिक उभा होता, वाऱ्याने गवत हलत होतं. चार्जर टेबलावरच होता. तो मी लावला नाही. सव्वा तासाने स्क्रीन काळी झाली.

कोणी उठलं नाही.