नमद्याचा बूट

"माझं रडणं खोटं असेल, बूट मात्र खरा आहे," येगोरोव्ना एकदा मेकअपच्या खोलीत नव्या पोरींना म्हणाली होती. कामा नदीकाठच्या आमच्या नाट्यगृहात ती तेव्हा मोठी नटी होती आणि मी प्रॉम्प्टर.

बूट तिच्या लेकीचा, उस्त्याचा. पाच वर्षांची पोर घटसर्पानं गेली. नवव्या दिवशी आम्ही सगळे तिच्या घरी जेवायला जमलो. दिग्दर्शक ग्लूखोवनं धिरडी खाल्ली, ओठ पुसले आणि दाराजवळच्या इवल्या, लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या बुटांकडे पाहिलं.

"येगोरोव्ना, हे रडणं इथे कशाला वाया घालवतेस? उद्या त्यातला एक घेऊन तालमीला ये."

नाटकातल्या आईचं मूल बुडालेलं होतं. तिनं बूट छातीशी धरला, रडली. ग्लूखोवनं टाळी वाजवून थांबवलं.

"छान दिसण्यासाठी रडतेस. पोरीची शेवटची घरघर कशी होती? काढून दाखव."

तिनं काढून दाखवली. मी माझ्या खोक्यात मान घालून संहितेची पानं मोजत राहिलो.

प्रॉपर्टीवाल्यानं बुटाच्या तळाला लाल रंगानं आकडा टाकला: २१४. नाटक नऊ वर्षं चाललं. बंद झाल्यावर ती बूट मागायला गेली, तर "सरकारी मालमत्ता आहे, बाई" असं उत्तर मिळालं. जोडीचा दुसरा बूट नवरा घर सोडताना घेऊन गेला होता.

ग्लूखोव मेला, मग सोव्हिएत राज्यही गेलं. अर्ध्या शहराला तो देव होता, अर्ध्याला खाटीक. त्याचा शिष्य रोदिओन आता दिग्दर्शक होता. गुरूच्या शताब्दीला त्यानं येगोरोव्नाला निरोप धाडला: चार शब्द चांगले बोला, बूट घरी न्या.

ती आली. नाट्यगृह गरम ठेवणारे वाफेचे नळ थंडगार, सगळे कोटातच बसलेले. कोटाचा आतला खिसा तिनं उसवून मोठा शिवला होता.

"मावेल ना यात, सावेली?"

"मावेल की," मी म्हणालो.

ती मंचावर गेली. "त्यांनी मला नटी केलं," एवढंच बोलली. रोदिओननं काचेच्या पेटीतून बूट काढून तिच्या हातात दिला. तिनं तो छातीशी धरला. रोदिओन माइककडे वळला.

"आता एक गुपित! खरा बूट दुसऱ्याच वर्षी कसरीनं खाल्ला. सरांनी तो बॉयलरमध्ये टाकायला लावला, हुबेहूब दुसरा करवून घेतला आणि बजावलं, हिला कुणी सांगायचं नाही. सात वर्षं आमची येगोरोव्ना परक्या बुटावर रडली! याला म्हणतात सरांची पद्धत!"

लोक हसले, मग टाळ्या वाजवत उभे राहिले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बॉयलरचं दार मीच उघडून धरलं होतं. मी मान खाली घातली.

तिनं बूट उलटा करून आकडा पाहिला, पेटीत ठेवला, काच स्वतःच्या हातानं लावली. कोटाची बटणं गळ्यापर्यंत घातली आणि टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मधून बाहेर निघून गेली.